डाव्या दिव्याची रिंग

वाशी,
२ मार्च १९८६

चि. दिलीप यास,

अनेक आशीर्वाद. सौ. जयमालालाही सांग. इकडे आम्ही धडधाकट आहोत, तिकडे तुम्हीही असाल असं धरून चालतो, कारण आपणहून तू काही कळवणार नाहीस. दिवाळीच्या पत्राची पोच नाही, संक्रांतीच्या तिळगुळाची नाही. वर्ध्याच्या पोस्टाला दोष देऊन मी गप्प बसतो. असो, भांडायला पत्र घेतलेलं नाही.

बातमी आधी सांगतो. आपल्या वैजूचं लग्न ठरलं. मुलगा ठाण्याचा, तळोज्याच्या एका कारखान्यात केमिस्ट आहे. कपड्यांना अ‍ॅसिडचा वास येतो, बाकी बरा आहे. मेच्या मध्यावर कार्य आहे. तुम्ही दोघांनी चार दिवस आधी यायचं. अरुणा म्हणाली, भावजी आले नाहीत तर मी अक्षता टाकणार नाही. तिचं हे असं असतं.

आता कामाचं. वैजूच्या मनाने घेतलंय की लग्नघरातून निघायचं ते आजोबांच्या मॉरिसमधून. मी आधी उडवून लावलं. दहा वर्षं ताडपत्रीखाली पडलेली गाडी, आधी ठाण्याच्या गॅरेजमध्ये आणि मग इथे सोसायटीच्या मागच्या शेडमध्ये. पण पोरगी ऐकेना. तुर्भ्याचा एक मेकॅनिक आणला, त्याने तीन रविवार खाल्ले आणि चौथ्या रविवारी गाडी सुरू झाली. बाबांच्या वेळी खोकायची तशीच खोकली. वैजू टाळ्या पिटत होती आणि मी तिथे कपाळाचा घाम पुसत उभा होतो.

पण विम्याशिवाय रस्त्यावर काढता येत नाही. विम्याच्या ऑफिसात गेलो तर तिथल्या कारकुनाने किमतींचं पुस्तक उलटं-सुलटं चाळलं आणि म्हणाला, अडतीस सालची गाडी यात नाहीच, हिची किंमत कोण ठरवणार? नाकी नऊ आणले. शेवटी वरचे साहेब म्हणाले, जुन्या गाडीसाठी त्यांचा सर्व्हेअर येऊन बघेल, तो आणि आपण मिळून किंमत ठरवायची आणि तीच पॉलिसीत लिहायची. मात्र अर्जावर मालकाची सही हवी.

मालक म्हणजे तू. बाबांनी गाडी तुझ्या नावावर केली, ती अजून तशीच आहे. अर्ज सोबत जोडला आहे. पेन्सिलीने फुल्या केल्यात तिथे सह्या कर. नवव्या रकान्यात विचारलंय, या वाहनास पूर्वी कधी अपघात झाला आहे काय? तिथे ‘नाही’ लिही. विचार करत बसू नकोस, सगळेच लिहितात. वैजूच्या आनंदाचा प्रश्न आहे.

उलट टपाली पाठव.

तुझा
दादा


वाशी,
२३ मार्च १९८६

चि. दिलीप यास,

आशीर्वाद. अर्ज मिळाला. सोबत एक ओळही नाही. सह्या केल्यास आणि नववा रकाना कोरा ठेवलास. लहानपणी गणित आलं नाही की असाच कागद कोरा ठेवायचास आणि मास्तरांकडे बघत बसायचास. मी तुझ्या शाईच्या रंगाचं पेन शोधलं आणि ‘नाही’ लिहून टाकलं. अक्षर तुझ्यासारखं वळणदार नाही आलं, पण विम्याच्या ऑफिसात कोण बघतो.

सर्व्हेअर येऊन गेले. रावसाहेब हे त्यांचं नावच आहे, हुद्दा नव्हे. सत्तरीचे, काटकुळे, खिशात दोरीला बांधलेलं लोहचुंबक. चहा नको म्हणाले, पंखा नको म्हणाले, थेट गाडीकडे गेले आणि पत्र्यावर ते चुंबक फिरवत निघाले. सगळीकडे टक् टक् चिकटत होतं. डाव्या मडगार्डवर आल्यावर ते खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं.

“इथे पुट्टी आहे,” म्हणाले. “जाड आहे. खाली काय झालं होतं?”

मी म्हटलं, गंज लागला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, वहीत लिहिलं. मग दिव्यांपाशी गेले. उजव्या हेडलाइटची रिंग मूळची आहे, तिच्यावर वरच्या अंगाला कंपनीची अक्षरं आणि नंबर ठोकलेला आहे. डावी साधी, चोर बाजारातली. “डावी कुठे गेली?” मी म्हटलं, हरवली. “मूळची मिळाली तर बघा, गाडीचा भाव चढेल.” हो म्हटलं. आणखी काय म्हणणार होतो?

शेवटी चेसिसच्या नंबरचा छाप घेतला. तू हे कधी पाहिलं नसशील. नंबरावर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी घासायची, की लोखंडातली अक्षरं कागदावर वर येतात, पांढरी. तीन प्रती काढल्या. आमचा वॉचमन धर्मा बादली हातात घेऊन तोंड उघडं टाकून बघत होता. तो कोपरखैरणे गावचा, कोळी. यांच्या शेतजमिनी या नव्या शहरात गेल्या आणि हे त्याच शहराच्या इमारती राखत बसले. दोन वर्षं आमच्याकडे आहे. साठीचा, एकटा, अबोल माणूस. गाडी उघडल्यापासून रोज सकाळी तोच पुसतो, मी सांगितलं नसताना.

“लोखंडात हाय त्या सगला कागदावर येतं?” त्याने विचारलं. रावसाहेब हसले आणि उरलेला कागद आणि पेन्सिलीचा तुकडा त्याला देऊन टाकला.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललंय. ते मडगार्ड मी पेंटरकडून नव्याने घासून घेतलं होतं, अगदी आरशासारखं. आठव्या दिवशी तिथे पुन्हा खोलगट जागा दिसायला लागली. पेंटर म्हणाला, खाडीच्या हवेने पुट्टी बसते. पुन्हा भरली. पुन्हा आठ दिवसांनी बसली, तेवढीच, तिथेच. आणि परवा धर्मा म्हणतो, “साहेब, हितं गारी गार लागतं. फरका अरकतो.” त्याच्या बोलण्यात ‘ड’चा ‘र’ होतो; पुसताना फडका अडकतो म्हणे. मी दुपारी बाराच्या उन्हात हात लावून बघितला. बॉनेटला हात ठेववत नव्हता, आणि तिथे माठाला हात लावावा तसं गार लागलं. मी हात धोतराला पुसला. का पुसला कोण जाणे, ओला नव्हता.

तुला आठवतं ना, मी काय म्हणतोय ते. बास. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

तुझा
दादा


वाशी,
१३ एप्रिल १९८६

दिलीप,

आशीर्वाद. पॉलिसी आली. ठरलेली किंमत, शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. खरं तर पेढे वाटायला हवे होते.

गाडीतून वास येतो. सुक्या जवळ्याचा. आपल्या घरात मासळी शिजत नाही, शेडच्या आसपास कुणी वाळत घालत नाही. मी स्वतः मागची सीट उपसून बघितली, गाद्या उन्हात घातल्या. परवा अरुणा वैजूला घेऊन आत बसून बघत होती, ती नाकाला पदर लावून उतरली. “अहो, या गाडीत कोळीण बसवली होती की काय तुम्ही?” असं हसत म्हणाली. मी तिच्यावर इतका ओरडलो की खालच्या मजल्यावरच्यांनी खिडकी उघडली. तिला काही माहीत नाही, दिलीप. दहा वर्षांत मी तिला एक शब्द सांगितलेला नाही.

आता ऐक. मंगळवारी सकाळी धर्मा दाराशी आला. आत बोलावलं तर उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. खिशातून घडी केलेला कागद काढला, तो रावसाहेबांनी दिलेला. त्याच्यावर पेन्सिल घासलेली होती.

“साहेब, तुमी शिकलेले. ह्याच्यावर काय लिवलाय त्या सांगा.”

मी कागद हातात घेतला. गोल कडेचा छाप होता, आणि मधे पांढरी अक्षरं. कंपनीचं नाव आणि नंबर. मला वाचायची गरज पडली नाही.

मी विचारलं, हे कशावरचं? तो म्हणाला, घरात देवाजवळ एक लोखंडाची कडी ठेवलेली आहे. त्याची बायको मैना पंचाहत्तर साली डिसेंबरात ठाणे-बेलापूर रस्त्यावर गाडीखाली गेली, तिच्या शेजारी गटारात ही पडली होती. पोलिसांना दाखवली, त्यांनी पंचनाम्यात घेतली नाही. गावच्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, जी वस्तू तिच्या जिवावर बेतली ती उंबऱ्याबाहेर काढायची नाही, नाहीतर ती बाई रस्ता चुकते, घरी येत नाही. म्हणून दहा वर्षं ती घराबाहेर गेली नाही आणि कुणा वाचता येणाऱ्याने ती बघितली नाही. शिकलेला माणूस कोळ्याच्या घरात कशाला जाईल? त्या दिवशी रावसाहेबांना छाप घेताना बघितलं आणि याच्या डोक्यात आलं, की कडी घरात राहील आणि अक्षरं तेवढी बाहेर येतील.

“दिस बुरताना बाजारातना निंगाली व्हती. आमाला सापरली नऊ वाजता,” तो म्हणाला. “तवा अंग गरम व्हता, साहेब. मी हात लावला ना. गरम व्हता.”

हे वाक्य मी तुला लिहिणार नव्हतो. पाच दिवस लिहिलं नाही.

मी त्याला काय सांगितलं? म्हटलं, धर्मा, हे तळोज्याच्या कुठल्यातरी कारखान्यातल्या पिंपाचं झाकण असेल, इंग्रजीत वजन लिहिलंय. पिंपाचं झाकण. माझी जीभ कशी वळली कुणास ठाऊक. त्याने कागद परत घेतला, नीट घडी केली आणि “बरा” म्हणून गेला. थोड्या वेळाने खिडकीतून बघितलं, तर तो गाडी पुसत होता. डाव्या बाजूला फडका घेऊन उभा होता, आणि ओठ हलत होते. कुणाशी तरी बोलत होता, हळू, घरच्या माणसाशी बोलावं तसा.

तू ये. लग्नाला नव्हे, आत्ताच ये. गाडी विकून टाकू, भंगारात घालू. तुझी सही लागेल.

दादा


वाशी,
१८ एप्रिल १९८६

दिलीप,

माझी तार तुला मिळाली असेल. ‘धर्मा येत आहे. पत्र येईपर्यंत बसवून ठेव. दादा.’ तारेत याहून जास्त काय लिहिणार. हे पत्र एक्स्प्रेस डिलिव्हरीने टाकतोय. तो आज कल्याणहून नागपूरच्या गाडीत बसला. उद्या सकाळी तुझ्या दारात असेल, परवा पोस्टमन येईल. तोवर त्याला जेवू-खाऊ घाल. तो मागणार नाही, पण घाल.

का येतोय ते सांगतो. सगळं सांगतो, आता लपवून उपयोग नाही.

काल सकाळी तो पुन्हा दाराशी आला. या वेळी दोन कागद होते. एक त्या मंगळवारचा, आणि एक नवा. दोन्ही त्याने माझ्या हातात दिले. नवा छाप त्याने आमच्या गाडीच्या उजव्या दिव्यावरून घेतला होता. नाव तेच, नंबर तोच, बाकदार कडही तीच. म्हणाला, “मना वाचता येत नाय, साहेब. पन सारका हाय का नाय, त्या कलतं.”

ओरडला नाही, रडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. अरुणा आत पोळ्या करत होती, वैजू गाणं म्हणत होती. मी दार मागे ओढून घेतलं.

“गारी कोनाची?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, माझ्या भावाची. कागदावर नाव त्याचंच आहे. हे खोटं नव्हतं, दिलीप. विम्याच्या पॉलिसीवरही तुझंच नाव आहे.

“त्यो चालवत व्हता?”

मी मान हलवली. हो अशी हलवली. तोंडाने बोललो नाही, पण मान हलवली. चोपन्न वर्षांचा माणूस, महिन्याभराने मुलीला हळद लावायची तयारी करणारा बाप, आणि धाकट्या भावाचं नाव पुढे केलं. माझी मला लाज वाटते.

मला वाटलं आता पोलीस येतील, गावची माणसं येतील. तो म्हणाला, पत्ता लिहून द्या. मी त्यातल्याच एका छापाच्या मागे तुझा पत्ता लिहून दिला. पिनकोडसुद्धा बरोबर लिहिला. मग विचारलं, धर्मा, त्याला काय करणार आहेस?

“काय नाय करनार. दहा वर्सां झाली. येकच इचाराचाय. ती काय बोलली का. अंग गरम व्हता म्हंजे जीव व्हता. जीव व्हता म्हंजे कायतरी बोलली असंल. मी तितं नवतो. ज्यो व्हता त्यालाच ठावं.”

दिलीप, तू त्याला काय सांगणार? तुला ठाऊकच नाही. म्हणून हे पत्र.

त्या दिवशी काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. नव्या फ्लॅटची जागा बघून आपण ठाण्याला परतत होतो, दिवेलागणीची वेळ. गाडी मी चालवत होतो. तू डाव्या बाजूला बसला होतास आणि म्हणालास, दादा, सावकाश. मी ऐकलं नाही. आवाज झाला. पुढे पन्नास पावलांवर मी गाडी थांबवली. तू दरवाजा उघडून उलट्या करत होतास. मी टॉर्च घेऊन मागे गेलो, आणि परत येऊन तुला सांगितलं, गेली, जागच्या जागी गेली. तू म्हणालास, चौकीवर जाऊ. मी म्हटलं, गेलेलं माणूस परत येत नाही, आणि गाडी तुझ्या नावावर आहे, धरतील ते तुला. तू दरवाजा ओढून घेतलास. त्यानंतर तू माझ्याशी धड बोललेला नाहीस, आणि मी मात्र नातेवाइकांत सांगत फिरलो की धाकट्याला बायकोने वेगळं केलं.

ती गेली नव्हती.

टॉर्चच्या उजेडात तिने डोळे उघडले होते. दवाखाना दोन मैलांवर होता, गाडी चालू होती, तू होतास. दोघांनी उचलून मागच्या सीटवर घातली असती. मी तिथे किती वेळ उभा होतो मला सांगता येणार नाही. ती माझ्याशी बोलली. मी टॉर्च विझवली आणि परत आलो.

तू हे वाचून माझ्याशी संबंध तोडलेस तर तो तुझा हक्क आहे. वैजूला गाडी मिळणार नाही हे मी सांगितलं, ती रुसली आहे. सोमवारी विम्याच्या ऑफिसात जाऊन नववा रकाना कुणी भरला ते लेखी देणार आहे, आणि तिथून चौकीवर. अरुणाला आज संध्याकाळी सांगेन. तिने आत्ताच विचारलं, एवढं लांबलचक काय लिहिताय. म्हटलं, भावाला लिहितोय.

आता एक काम तुझ्याकडे. शेवटचं म्हण. धर्माला वाचता येत नाही. यापुढचं त्याला मोठ्याने वाचून दाखव. मधे थांबू नकोस आणि माझ्या बाजूने काही बोलू नकोस.

धर्मा, गाडी माझ्या भावाने चालवली नव्हती. त्याचा काही दोष नाही, त्याला बोल लावू नकोस. गाडी मी चालवत होतो. काल तुझ्यासमोर मी मान हलवली ती खोटी.

मैनेत जीव होता. तू बरोबर ओळखलंस. तिला वेदना कळत नसाव्यात, कण्हत नव्हती. तिची मासळीची पाटी बाजूला उपडी पडली होती आणि ती एका हाताने ती चाचपत होती. मी जवळ गेलो तेव्हा तिला वाटलं असावं, रस्त्याने जाणारं कुणी थांबलंय. तिने वर बघितलं आणि रोज कुणालाही सांगावं तसं मला म्हणाली, “दादा, पाटी जरा डोक्यावं दे. घरला उशीर झालाय.”

एवढंच बोलली. मी पाटी उचलली नाही.

गाडी चालवणारा,
जयप्रकाश गजानन खांबेटे